डेंग्यू, वनौषधी आणि जयणा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आषाढात चातुर्मासाचा प्रारंभ होतो आणि कार्तिकात त्याची सांगता होते. तप, स्वाध्याय, प्रवचनश्रवण आणि दानधर्म यांनी भरलेला हा काळ जैन समाजाच्या वर्षातील सर्वांत पवित्र काळ होय. महाराष्ट्रात डेंग्यूच्या तापाचा जोरही याच महिन्यांत असतो. पावसाळ्यात पावलोपावली जीवसृष्टी वाढते, तिची विराधना होऊ नये म्हणून साधुभगवंतांचा विहार थांबतो. आणि त्याच पावसाच्या साचलेल्या पाण्यावर डासही वाढतो. एका बाजूस अठ्ठाईच्या तपस्वींच्या पारण्याची तयारी आणि दुसऱ्या बाजूस दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग, असे दृश्य अनेक गावांत दिसते.

अशा वेळी श्रावकाच्या घरातील पहिला विचार वनस्पतीकडे वळतो, हे स्वाभाविक आहे. वनस्पतीचे औषध शाकाहारी, सौम्य, परंपरेने आलेले आणि दारातच मिळणारे. पपईचे पान, गुळवेल, कडुलिंब आणि तुळस ही नावे डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ऐकू येतात. या विश्वासात तथ्य किती, त्याची मर्यादा कोठे, आणि त्या मर्यादेपलीकडे श्रावकाने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रोगाचे स्वरूप

मराठीत या तापाला ‘हाडमोड्या ताप’ असे सार्थ नाव आहे. अंग, सांधे व डोळ्यांच्या मागील भाग असह्य दुखतो, ताप एकाएकी चढतो आणि अनेकांच्या अंगावर पुरळ उठते. हा रोग विषाणूमुळे होतो व एडीस जातीच्या मादी डासाच्या चावण्याने पसरतो. ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्ट यांनी १९०६ मध्ये या डासाकडे लक्ष वेधले; १९४३ मध्ये जपानी संशोधक किमुरा व होत्ता यांनी विषाणू वेगळा केला. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु इतर तीन प्रकारांपासून ते टिकत नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. म्हणून ‘एकदा होऊन गेला, आता भीती नाही’ हा समज घातक आहे.

भारताला या रोगाची ओळख जुनी आहे. १९६३ मध्ये कलकत्त्यात त्याची मोठी साथ आली. १९९६ मध्ये दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण झाले व चारशेहून अधिक माणसे दगावली. २०२४ या एका वर्षात जगभरातून १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. या रोगाच्या निदानात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेली संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते आणि डेंग्यूच्या रक्ततपासणीचे संच तेथून देशभर जातात.

या तापाची चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. तो दोन ते सात दिवस राहतो. ताप उतरला की घरचे लोक निःश्वास सोडतात. परंतु खरा धोका पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो आणि रुग्ण काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो. हा नाजूक काळ सुमारे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा असतो. तो सांभाळला गेला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणजे डेंग्यूच्या उपचाराचा गाभा म्हणजे त्या एक-दोन दिवसांतील पाण्याचा हिशेब.

दारातील वनस्पती

डास दूर ठेवण्यासाठी वनस्पतींचा उपयोग होतो का? होतो, परंतु किती, हे मोजून पाहिलेले आहे. कडुलिंबाच्या तेलावर भारतात १९९० च्या दशकात चांगले काम झाले. खोबरेल तेलात दोन टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून उघड्या अंगाला लावले असता मलेरिया पसरविणाऱ्या ॲनॉफिलीस डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाल्याचे १९९३ मध्ये नोंदविले गेले. १९९५ मध्ये कडुलिंबाच्या मलमाची परीक्षा झाली. त्या मलमाने ॲनॉफिलीसपासून सरासरी ९४ टक्के, क्युलेक्स डासापासून ८९ टक्के आणि डेंग्यूच्या एडीस डासापासून ७८ टक्के संरक्षण दिले. ७८ टक्के ही कमाई लहान नाही. तथापि ज्या डासाची भीती सर्वाधिक, त्याच्यावरच कडुलिंबाचा प्रभाव सर्वांत कमी आढळला, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत स्वयंसेवकांनी निरनिराळी द्रव्ये हाताला लावून एडीस डासांच्या पिंजऱ्यात हात घातले. सोयाबीन तेलावर आधारलेल्या द्रव्याने सुमारे दीड तास संरक्षण दिले. सिट्रोनेला गवताच्या तेलाची द्रव्ये सरासरी वीस मिनिटेही टिकली नाहीत. डीट या रासायनिक द्रव्याचे सुमारे चोवीस टक्क्यांचे मिश्रण पाच तास टिकले. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेले शुद्ध द्रव्यही परिणामकारक मानले जाते. मात्र तीन वर्षांखालील बालकांना ते लावू नये. तात्पर्य, वनस्पतिज तेले वापरावीत, पण ती पुनःपुन्हा लावावी लागतात. सकाळी एकदा लावून दिवसभर निश्चिंत राहता येत नाही. एडीस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी लवकर आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणजे नेमका पूजेच्या आणि चोविहाराच्या वेळी.

कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची रीत खेड्यांत आहे. धुराने डास काही काळ दूर जातात. परंतु दमेकरी, वृद्ध व तान्ह्या मुलांच्या खोलीत धूर कोंडणे हितावह नाही.

दोन समज येथे दूर व्हायला हवेत. पहिला असा की तुळस, झेंडू किंवा ‘डास पळविणारी’ म्हणून विकली जाणारी रोपे कुंडीत ठेवली म्हणजे डास येत नाहीत. नुसते रोप उभे असल्याने घर सुरक्षित होत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत आणि बाटलीत वाढविलेल्या मनी प्लँटच्या पाण्यात एडीस मादी आनंदाने अंडी घालते. डास घालविण्यासाठी आणलेले रोपच त्याचे सूतिकागृह ठरते.

दुसरा समज असा की जे वनस्पतिज ते अहिंसक. शेवंतीच्या कुळातील एका पांढऱ्या फुलापासून पायरेथ्रम हे द्रव्य मिळते. ते संपूर्णपणे वनस्पतिज आहे आणि त्याने डास मरतात. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी निघालेली डासांची गोल अगरबत्ती याच फुलाच्या भुकटीची होती. वनस्पती हे द्रव्याचे मूळ झाले. त्यातून घडणारी क्रिया कोणती, याचा विचार श्रावकाला स्वतंत्रपणे करावा लागतो.

रुग्णाच्या खाटेजवळची वनस्पती

आता पपई. हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आले. म्हणजे पपईच्या पानाचा डेंग्यूवरील उपयोग हा प्राचीन आयुर्वेदाचा वारसा नसून अलीकडच्या अनुभवाचा भाग आहे. २०११ मध्ये पाकिस्तानातील संशोधकांनी एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पानांचा रस पाच दिवस दिल्यानंतर त्याच्या रक्तातील प्लेटलेट ५५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर गेल्या. या वृत्तांताला मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु डेंग्यूत प्लेटलेट साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत उतरतात व त्यानंतर आपोआप चढतात. पाचव्या दिवशी जे काही दिले जाईल, त्याच्या खात्यावर हे श्रेय जमा होते. म्हणून एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही.

यापुढील पायरी मलेशियात पडली. तेथे २२८ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर तीन दिवस पपईच्या पानांचा रस दिला, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट अधिक लवकर वाढल्या. भारतातही पानांच्या अर्काच्या गोळ्यांवर अभ्यास झाले असून त्यांचा कलही याच दिशेने आहे. तेव्हा पपईच्या पानाची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र या रसामुळे मृत्यू टळतात किंवा द्रव झिरपण्याची क्रिया थांबते, असे सिद्ध झालेले नाही. रस अतिशय कडू असतो. त्याने मळमळ वा उलटी झाली तर शरीरातील पाणी आणखी कमी होते आणि उलटी रोगाची की रसाची, हे डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी तो वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

गुळवेलीचे स्थान निराळे आहे. आयुर्वेदात ज्वरावर तिचा उपयोग फार जुना आहे. तथापि डेंग्यूत यकृतावर आधीच ताण असतो. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीशी गफलत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. दोन्ही बाजू ऐकल्या तरी श्रावकासाठी बोध एकच उरतो: कुंपणावरून तोडलेली अनोळखी वेल काढा करून तापाच्या रुग्णाला देऊ नये, द्यायचीच तर जाणत्या वैद्याने ओळखून, मात्रा ठरवून द्यावी. जैन श्रोत्यांना आणखी एका गोष्टीचे स्मरण करून देणे उचित होईल. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांच्या गणनेत ओली गुळवेल आणि कोरफड या दोन्हींचा समावेश आहे.

संशोधनाची एक दिशा विशेष आशादायक आहे. दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी आयुर्वेदातील ज्वरघ्न वनस्पती क्रमाने तपासल्या. संस्कृतात जिला ‘पाठा’ आणि मराठीत ‘पहाडवेल’ म्हणतात, तिच्या अर्काने प्रयोगशाळेत डेंग्यूच्या चारही प्रकारच्या विषाणूंना रोखल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या रानातील वासनवेलीच्या अर्कावरही पुढे काम सुरू झाले. प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यापासून रुग्णाच्या पेल्यापर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो. उद्या यांतून खरे औषध निघाले, तर ती परंपरेची मोठी प्रतिष्ठा ठरेल. आज मात्र त्या वेली उकळून पिणे शहाणपणाचे नाही.

प्लेटलेटचा आकडा आणि पाण्याचा हिशेब

समाजात डेंग्यू म्हणजे प्लेटलेट असे समीकरण रूढ झाले आहे. रोज अहवाल आणला जातो, आकडा पाहिला जातो, आणि आकडा वाढावा म्हणून पपई, किवी, शेळीचे दूध यांची धावपळ चालते. व्यापारी समाजाला एक गोष्ट सहज उमजेल. केवळ गल्ल्यातील शिल्लक पाहून पेढीची प्रकृती कळत नाही. येणे, देणे आणि माल हे सर्व पाहावे लागते. डेंग्यूतही प्लेटलेट हा एकच रकाना आहे. रक्त किती घट्ट झाले, रक्तदाब किती, लघवी किती वेळा झाली, हे रकाने त्याहून मोलाचे. सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवरील एका अभ्यासात, रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी म्हणून बाहेरून प्लेटलेट चढविल्याने रक्तस्राव टळला नाही, असे २०१७ मध्ये दिसून आले. ज्याची बाहेरून भरपाई करूनही लाभ होत नाही, तो आकडा पपईच्या रसाने थोडा वाढला म्हणून रुग्ण संकटातून सुटला असे मानता येणार नाही.

सौम्य डेंग्यूत घरचा उपचार साधा आहे. पूर्ण विश्रांती, तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, आणि भरपूर द्रव. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके कटाक्षाने टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. द्रवाच्या बाबतीत वनस्पतीच खऱ्या अर्थाने कामी येते. नारळपाणी, तांदळाची पेज, मुगाचे पाणी, मोसंबी वा डाळिंबाचा रस, लिंबू-साखर-मिठाचे सरबत आणि त्याबरोबर औषधाच्या दुकानातील ओआरएस. थोडे थोडे, वारंवार. सहा तासांत एकदा तरी लघवी होते की नाही, हे घरच्यांनी घड्याळ लावून पाहावे.

पोटात सतत तीव्र दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळे शौच, धाप, हातपाय गार पडणे, अस्वस्थता किंवा असाधारण गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पपईचे पान शोधण्यात एक घटकाही न दवडता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. ताप उतरलेला आहे, या समाधानावर थांबू नये.

पच्चक्खाण आणि पाणी

येथे जैन घरातील सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. चोविहाराचे पच्चक्खाण असेल तर सूर्यास्तानंतर पाणी नाही. म्हणजे बारा तास, काही वेळा अधिक. निरोगी माणसाचे शरीर ते सहज सोसते. परंतु डेंग्यूच्या नाजूक काळात रक्तातील द्रव झिरपण्याची क्रिया सूर्यास्त पाहून थांबत नाही. तसेच अठ्ठाईच्या पाचव्या-सहाव्या दिवशी एखादी तपस्विनी तापली, तर घरचे लोक तो उपवासाचा शीण समजतात. ग्लानी आली तर ती तपाची ग्लानी मानली जाते. दोन दिवस असेच गेले तर निदान होईपर्यंत उशीर झालेला असतो.

विचित्र गोष्ट अशी की याच घरात चातुर्मासातील पालेभाजीचा त्याग असूनही पपईच्या ओल्या पानांचा रस ‘औषध’ म्हणून बिनदिक्कत दिला जातो. मात्र रात्री ग्लासभर उकाळलेले पाणी देताना हात थबकतो. ज्या वस्तूचा लाभ मर्यादित तिच्यासाठी सवलत, आणि जिच्यावर प्राण अवलंबून तिला मज्जाव, असा हा उलटा व्यवहार आहे.

शास्त्रकारांनी या प्रसंगाचा विचार केलेला नाही असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. पच्चक्खाणाबरोबर आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या असतात. त्यांत तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधोपचार घेण्याचा आगार आहे. व्रत घेणाऱ्याची श्रद्धा आणि देहाची मर्यादा दोन्ही ओळखूनच ही रचना झाली आहे. म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी रुग्णाची स्थिती गुरुभगवंतांच्या कानावर घालावी, डॉक्टरांचे म्हणणे त्यांना सांगावे आणि त्यांची आज्ञा घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘पूर्ण होत आले आहे, आता दोनच दिवस’ असा प्रेमळ आग्रह तापलेल्या तपस्वीला करू नये. तप पुढल्या वर्षी पुन्हा करता येते. त्यासाठी तपस्वी असावा लागतो.

जयणा हेच पहिले औषध

डास हा चतुरिंद्रिय जीव. त्याला ठार मारण्याचा संकल्प श्रावकाला मान्य नाही. त्यामुळे फवारणीस तो कचरतो, आणि नगरपालिकेने दिलेले गप्पी मासे टाकीत सोडून त्यांच्याकडून डासांच्या अळ्या खाववणेही त्याला पटत नाही. काही जण म्हणतात, अहिंसेमुळेच जैन वस्त्यांत डासांची पैदास होते. हा आरोप अहिंसेवर बसत नाही. अहिंसा अर्धवट पाळण्यावर बसतो. जीव उत्पन्न झाल्यावर त्याला मारू नये, हे अर्धे. त्याची निरर्थक उत्पत्ती व मग अपरिहार्य विराधना होईल अशी स्थितीच निर्माण करू नये, हे उरलेले अर्धे. यालाच जयणा म्हणतात.

एडीस मादी स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाशी भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटविते. ती अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात व पाणी मिळताच त्यांतून अळी निघते. उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत अळीचा डास होतो. तो फार दूर उडत नाही. बहुधा काही घरांच्या परिघातच राहतो. म्हणजे चावणारा डास बहुतेक वेळा स्वतःच्या किंवा शेजारच्या घरातच जन्मलेला असतो.

आता श्रावकाच्या घराकडे पाहावे. पिण्याचे पाणी गाळलेले, उकाळलेले. श्वेतांबर परंपरेत उकाळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात तीन प्रहर मानला आहे, म्हणजे सुमारे नऊ तास. ज्या पाण्याची मर्यादा प्रहरांनी मोजली जाते, त्यात डास कधीच जन्मू शकत नाही. परंतु त्याच घराच्या मागच्या अंगणात वापराच्या पाण्याचे पिंप पंधरा-पंधरा दिवस उघडे असते. गच्चीवर जुने टायर, कूलरची टाकी, फ्रिजमागची ताटली. पक्ष्यांसाठी करुणेने ठेवलेले पाण्याचे भांडे आणि गोशाळेतील हौद, हीसुद्धा दुर्लक्षिल्यास डासांची घरे होतात. करुणेचे पाणी रोज बदलले पाहिजे, तरच ती करुणा निर्दोष राहते.

उपाय जुनाच आहे. पाणी गाळण्यासाठी जाड मांजरपाटाचा दुहेरी पदर वापरणाऱ्या समाजाला पिंपाच्या तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड ताणून दोरीने आवळून बांधणे अवघड नाही. कापड मध्ये खोलगट होऊन त्यावर पाणी साचू नये, एवढे पाहावे. मादीला पाण्यापर्यंत पोहोचताच आले नाही, तर अंडे नाही, अळी नाही, डास नाही, आणि कोणाचीही हिंसा नाही. ज्या भांड्यांना झाकण शक्य नाही ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत. ते पाणी वाया न घालविता धुण्याभांड्यांस किंवा झाडांस वापरावे. यासाठी अष्टमी-चतुर्दशी धराव्यात असे कोणी सुचवील. परंतु चतुर्दशीपासून पुढील अष्टमीपर्यंत नऊ तिथींचे अंतर पडते आणि डासाला सात दिवस पुरतात. म्हणून या कामापुरती तिथी न धरता वार धरावा.

भांडे घासताना चिकटलेली अंडी नष्ट होणारच नाहीत, असे म्हणता येणार नाही. गृहस्थाच्या स्वयंपाकात व साफसफाईत होणाऱ्या अशा हिंसेला आरंभी हिंसा म्हटले आहे आणि श्रावकाने ती शक्य तितकी कमी करावी, असा उपदेश आहे. झाकणाचे कापड जितके काळजीपूर्वक बांधले जाईल, तितके घासण्यातील पाप घटेल.

तिसरा उपाय मच्छरदाणी. ताप आलेल्या माणसाला पहिल्या पाच दिवसांत चावलेला डास पुढे घरातील इतरांना रोग देऊ शकतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे. यात डास मरत नाही. तो केवळ बाहेर राहतो, आणि रोगाची साखळी तेथेच तुटते. अंगभर, सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे हाही असाच निर्दोष उपाय होय.

संस्थेचे कर्तव्य

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने गौरविली आहेत. डेंग्यूच्या बाबतीत ही चारही दाने एकत्र येतात. एखाद्या ट्रस्टने चातुर्मासापूर्वी पन्नास-शंभर मच्छरदाण्या घेऊन गरजू रुग्णांना आळीपाळीने वापरण्यास दिल्या, ओआरएसची पाकिटे उपाश्रयाच्या कार्यालयात ठेवली, तर ते औषधदान. धोक्याच्या लक्षणांची यादी सूचना-फलकावर मोठ्या अक्षरांत लावली आणि तपस्वींच्या घरच्यांना समजावून सांगितली, तर ते ज्ञानदान. रुग्णाच्या घरी मुगाचे पाणी व पेज पोहोचविली, तर आहारदान. आणि मंदिर, धर्मशाळा, पाठशाळा व गोशाळा यांच्या टाक्या झाकून संपूर्ण वस्तीला या तापाच्या भीतीतून मुक्त केले, तर त्याहून मोठे अभयदान कोणते? झाकलेल्या पिंपाने माणसाला अभय मिळते, आणि जन्मास येऊन चिरडला जाणारा डासही त्यातून सुटतो.

पपईच्या पानाला त्याचे स्थान द्यावे. ते डॉक्टरांच्या शेजारी असावे, त्यांच्या जागी नसावे. कडुलिंबाच्या तेलाला त्याचे स्थान द्यावे. ते अंगावर असावे, पण त्याच्या भरवशावर पिंप उघडे राहू नये. आणि पाण्याला त्याचे स्थान द्यावे: अंगणात झाकलेले, आजाऱ्याच्या हातात भरलेले. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातील एक वार कोरडा दिवस म्हणून नेमून घ्यावा आणि येणाऱ्या चातुर्मासात तपस्वींच्या पारण्याला सर्व तपस्वी निरामय उपस्थित असावेत, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र.